मागचा दिवा

"...मग खिडकीचं दिवं त्येला, आन् मला त्यो मागचा?"

मठाचे हंसगिर बुवा चुलीपुढं बसून भाकरी मोडत होते. त्यांनी तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला, वर घोटभर पाणी प्यायले.

"व्हय," म्हणाले.

तुळसगिर उभाच राहिला. आता पुढं काहीतरी येईल, असं त्याला वाटत होतं. बुवांनी दुसरा तुकडा मोडला.

तुळसगिर बाहेर आला आणि ओट्यावर बसला. मठात येऊन त्याची उमर गेली होती. बुवांचं अंथरूण तो घालायचा, पाय तो चेपायचा, भांडारघराची किल्ली त्याच्या कमरेला असायची. बुवांचं आता वय झालं, गादीवर पुढं कोण, असं गावात कुणी विचारलं की दुसरा लगेच म्हणायचा, कोण म्हणजे? तुळसगिर.

पण ते अंबादास येण्याआधी.

अंबादास हा लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारा माणूस. बायको गेली, बँड सुटला आणि एक दिवस ट्रम्पेट पिशवीत घालून तो मठाची पायरी चढला. बुवांनी त्याला ठेवून घेतलं. तेही ठीक. मठात माणूस येतो, राहतो, जातो. पण एका संध्याकाळी बुवा त्याला म्हणाले, वाजीव की रं कायतरी. त्यानं वाजवलं. आणि बुवांचा पाय ताल धरून हलला.

तुळसगिरनं तो पाय वर्षानुवर्षं चेपला होता. तो कधी असा हललेला त्यानं पाहिला नव्हता.

तेव्हापासून त्याच्या पोटात दुखायला लागलं. अंबादासच्या ताटात मोठी भाकरी पडली की ते याला दिसायचं. बुवा अंबादासच्या कुठल्याशा गमतीवर हसले की याचा घास तोंडातच फिरायचा. आपण त्याला हसू नये. ज्याला हे दुखणं होऊन गेलंय, त्याला ठाऊक आहे की त्यात झोप लागत नाही.

आणि आता हे दिव्यांचं.

मठाच्या खाली माळावर, बाभळीला टेकून एक जुना ट्रेलर उभा होता. सर्कशीचा. कधीकाळी ती सर्कस त्या माळावर आली ती तिथंच मोडली. तंबू विकला, जनावरं कुणी कुणी नेली आणि तिकिटं विकायचा हा ट्रेलर कुणालाच नको होता म्हणून राहिला. हंसगिर बुवाही त्याच सर्कशीत दिव्यांचं काम बघायचे, असं जुनी माणसं सांगतात. त्यांनाही बहुधा कुणी नेलं नसावं.

यंदा ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला तसं बुवांच्या मनात आलं, की तोडकऱ्यांच्या कोप्यांवर, त्या पाचटाच्या झोपड्यांवर, संध्याकाळची आमटी-भाकरी पोचवायची. बाया दिवसभर उसात राबतात, अंधार पडता पडता येतात आणि मग चूल पेटवायला बसतात. पोरं तोवर रडून झोपलेली. गावातल्या सर्जेरावनं ट्रॅक्टर देतो म्हणून सांगितलं. मागं जोडायला हा ट्रेलर होताच. तो फक्त माणसांत आणायचा होता.

त्याचं काम दोघांनी वाटून घेतलं, म्हणजे बुवांनी वाटून दिलं. चाकं, पत्रा, सांगाडा दोघांचा. तिकिटाच्या खिडकीच्या दोन बाजूंना दोन पितळी दिवे होते, कंगोऱ्यांच्या काचांचे, वर फुलासारखी टोपी असलेले. हिरवे-काळे पडले होते, पण ऐट होती. ते अंबादासला.

आणि पाठीमागं, खाली, चाकाच्या वर एक लोखंडी डबडं होतं. त्यात लाल काच. गंज असा चढलेला, की बोट लावावं तर पापुद्रा हातात यावा.

ते तुळसगिरला.

*

कामाला बसले तर दोघांच्या मध्ये बाभळीची सावली तेवढी होती.

अंबादासनं चिंच भिजत घातली, मीठ घेतलं, राख घेतली. बँडवाल्याला पितळ कुणी शिकवावं लागत नाही. पहिल्याच हाताला टोपीची कड अशी पिवळी निघाली की तुळसगिरला तिकडं न बघण्यासाठी मान वळवावी लागली.

तुळसगिरनं आपल्या डबड्यावर रॉकेल ओतलं आणि ते फडक्यात गुंडाळून ठेवलं. मग तारेचा ब्रश घेतला. गंज निघायचा तो लाल भुकटी होऊन निघायचा. नखात, नाकात, जिभेवर त्याची चव. एक थर काढला की खाली दुसरा. घासता घासता तो तिकडं बघायचा आणि बघितलं की आणखी जोरात घासायचा. एकदा ब्रश सटकून अंगठ्याची साल गेली.

"दादा, लागलं काय?" अंबादासनं विचारलं.

"न्हाई."

"हळद आनू?"

"तुजं काम बघ."

अंबादास आपलं काम बघायला लागला. काम करताना तो तोंडानं शीळ घालायचा, लग्नातली कुठलीतरी चाल. ती चाल तुळसगिरला कानात गेलेल्या किड्यासारखी छळायची.

बुवा रोज एकदा खाली येत. पितळेच्या दिव्यापाशी थांबत, बोटानं टिचकी मारत, आवाज ऐकत आणि म्हणत, "झ्याक." मग लोखंडाच्या डबड्यापाशी येत. ते हातात घेत, उलटं करत, त्याच्या तळाकडं बराच वेळ बघत. आणि काही न बोलता खाली ठेवत.

त्या "झ्याक"नं तुळसगिरच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

'त्येला झ्याक, आन् मला मुकं,' तो मनात म्हणायचा. 'ठीक हाय. दावतो मी पन.'

तो तालुक्याला गेला आणि चंदेरी रंगाचा डबा घेऊन आला. लोखंड तोवर चांगलं निघालं होतं, खरं तर सुरेख निघालं होतं. करडं, स्वच्छ, हाताला गुळगुळीत. दुसऱ्या कुणाचं असतं तर तुळसगिरनंच त्याला नावाजलं असतं. पण पितळेच्या शेजारी ते गरीब दिसत होतं. त्यानं आधी तांबडा रंग दिला, तो वाळल्यावर चंदेरी. एक हात, मग दुसरा. बाहेरून, आतून, वरून, खालून. स्क्रूंनासुद्धा रंग दिला.

डबडं चांदीच्या भांड्यासारखं लखलखायला लागलं.

अंबादास हात पुसत जवळ आला. थोडा वेळ बघत राहिला.

"दादा, बेस झालंय. पन तळाला रंग..."

"काय?"

"तळाला नगं व्हता. जितं त्ये सांगाड्याला टेकतं, तितं लोखंडाला लोखंड लागाय पायजे, करंट तितनंच फिरतोय. आमच्या लायटिंगच्या गाडीवर..."

"तुज्या बँडचं तू बँडात सांग."

अंबादास परत आपल्या दिव्यांकडं गेला.

तुळसगिरला त्या दिवशी पहिल्यांदा बरं वाटलं. आपला दिवा चमकला, तर ह्याला बघवेना. खोट काढायला आला. म्हणजे ह्याच्याही पोटात दुखतंय तर. या विचारानं त्याला रात्री झोपसुद्धा चांगली लागली.

*

निघायच्या दिवशी दुपार कलल्यावर सर्जेराव ट्रॅक्टर घेऊन आला. आमटीचं मोठं पातेलं वर चढवलं, भाकरीच्या दुरड्या चढवल्या. गावातली चार माणसं बघायला जमली होती. दिवे बसवून झाले होते. सर्जेरावनं बॅटरीची वायर जोडली.

"लावू का?"

"लाव," बुवा म्हणाले.

खिडकीचे दोन्ही दिवे लागले. उन्हं अजून होती, तरी पितळेवर आणि काचेच्या कंगोऱ्यांवर असा उजेड खेळला की माणसं "वा वा" करायला लागली. कुणी म्हणालं, सर्कस परत आली. कुणी अंबादासच्या पाठीवर थाप मारली. बुवा कमरेवर हात ठेवून हसत उभे होते. सगळे खिडकीकडच्या बाजूला.

तुळसगिर एकटा मागं गेला.

लाल काच काळी होती.

त्यानं डबड्यावर हलकेच टिचकी मारली. मग जोरात मारली. काच उघडून बल्ब पिळून बघितला.

काही नाही...

"तुळसगिर," पलीकडून बुवांचा आवाज आला. "लागला का रं मागचा?"

पलीकडं अजून "वा वा" चाललं होतं.

आता एवढंच म्हणायचं होतं, की लागला नाही. लहानसं वाक्य. पण ते म्हणायचं म्हणजे सगळ्यांनी इकडं यायचं, चंदेरी डबड्याकडं बघायचं, मग अंबादासनं पुढं होऊन म्हणायचं, मी म्हनलं व्हतं दादा, तळाला रंग नगं. तो तसं म्हणाला नसता कदाचित. पण तुळसगिरच्या कानांनी ते आधीच ऐकलं होतं.

"लागला, बुवा."

"लागला?"

"लागला की."

बुवा क्षणभर थांबले असावेत. मग म्हणाले, "चला तर."

बल्ब सैल असेल, तुळसगिरनं स्वतःला समजावलं. कोप्यांवर पोचलो की बघू. जाताना अजून उजेडच आहे.

पण कसला उजेड. हंगामाच्या दिवसांत सूर्य डोंगराआड गेला की हां हां म्हणता अंधारतं. त्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच ऊस. ट्रेलर मळ्यांमधून निघाला तेव्हा समोरचं दिसत होतं. कॅनॉल ओलांडला तेव्हा पातेल्यावरचं झाकण दिसेना.

तुळसगिर मागच्या फळीवर बसला होता, पाय बाहेर सोडून. पायाखाली त्याचा दिवा होता. तो वाकून वाकून त्याला चापटी मारत होता. एखादं झोपलेलं पोर उठवावं तशी.

खिडकीचे दिवे मात्र लागलेले होते. त्यांचा पिवळा उजेड बाजूच्या उसावरून पळत होता आणि तुळसगिरला इतक्या धाकातही तो डोळ्यांत खुपत होता.

मग वडाचं वळण आलं.

ते आलं आणि चापटी मारणारा त्याचा हात थांबला.

मागच्या हंगामात याच वळणाच्या पुढं उसाची एक ट्रॉली उभी होती. मागं दिवा नव्हता. एक पोरगा मोटरसायकलवरून आला तो तसाच तिच्यात घुसला. त्या वाटेनं मठाकडं परतणारा तुळसगिरच धावत आला होता. त्यानंच पोराचं डोकं मांडीवर घेतलं होतं, तोंडात पाणी घातलं होतं. पाणी आत गेलं नाही. ओठाच्या कडेनं खाली आलं आणि तुळसगिरच्या धोतरावर पडलं.

हे त्याला ठाऊक होतं. ठाऊक असून तो म्हणाला होता, लागला.

"सर्जेराव," आतून बुवांनी हाक दिली. "जरा थांबीव रं."

वळण नुकतंच मागं पडलं होतं. ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला थांबला.

"हितं कशाला, बुवा?" सर्जेराव वळून म्हणाला.

बुवा उत्तर न देता खाली उतरले. काठी टेकत ट्रेलरच्या मागं आले. चार पावलं चालले आणि रस्त्यावरच मांडी घालून बसले. तोंड वळणाकडं, पाठ ट्रेलरकडं. काठी शेजारी ठेवली.

तुळसगिर फळीवरून खाली उडी मारून त्यांच्यापाशी आला.

"बुवा, ह्ये काय? उठा."

"पाय भरून आल्यात. बसतो जरा."

"रस्त्यात? गाडीखाली याल, बुवा."

"कशानं येतोय?" बुवा म्हणाले. "मागं दिवा हाय की आपल्या."

तुळसगिरनं त्यांचा दंड धरला.

"तू लावलास न्हवं?"

लांब, वडाच्या पलीकडं, मोटरसायकलचा आवाज आला. एकच. जोरात येत होती.

"बुवा, उठा वो."

"लागला, म्हनालास."

"बुवा..."

बुवांनी डोळे मिटून घेतले. दुपारी ओट्यावर बसतात तसे.

आवाज वडापाशी आला.

"न्हाई लागला, बुवा," तुळसगिर म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "पयल्यापासनं लागला न्हाई. मी खोटं बोललो."

बुवा हलले नाहीत.

तुळसगिरनं खांद्यावरची भगवी छाटी ओढून काढली आणि तो पळत सुटला. वळणाच्या दिशेनं, उघड्या अंगानं, दोन्ही हातांनी छाटी डोक्यावर फिरवत. आयुष्यात तो असा पळाला नव्हता. मोटरसायकलचा उजेड वळला, त्याच्या अंगावर आला, ब्रेक करकरले. गाडी तिरकी झाली, सावरली आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली. मागं एक बाई बसली होती, मांडीवर मूल घेऊन.

गाडीवाल्यानं आधी एक शिवी दिली. मग ट्रेलर बघितला, रस्त्यात बसलेला म्हातारा बघितला आणि त्याचा आवाज खाली आला.

"मागं दिवा लावा की वो, महाराज," तो म्हणाला. "पोरंबाळं घिऊन जातो आमी."

"व्हय, बाबा," तुळसगिर म्हणाला. "चुकलं."

गाडीवाला गेला. त्याच्या गाडीचा लाल ठिपका उसातून बराच वेळ दिसत राहिला. तुळसगिर त्या ठिपक्याकडं बघत उभा होता.

*

परत आला तेव्हा बुवा कडेच्या दगडावर बसले होते. अंबादास खाली उतरून ट्रेलरजवळ उभा होता. सर्जेरावला त्यानं टॉर्च घेऊन वळणावर उभं केलं होतं. तुळसगिरनं वाट बघितली, पण अंबादासनं तळाच्या रंगाचं नाव काढलं नाही.

तुळसगिर डबड्यापुढं गुडघ्यांवर बसला. पेचकसानं स्क्रू सोडवायला लागला. रंगानं स्क्रू जाम झाले होते, पेचकस सटकत होता. एक स्क्रू निघाला. दुसरा निघाला. डबडं हातात आलं. त्यानं ते उलटं केलं.

तळ चंदेरी होता. कुणालाही कधीही दिसणार नाही अशा जागी त्यानं रंगाचे दोन हात दिले होते.

"अंबादास," तो म्हणाला.

"जी, दादा."

हे नाव त्यानं इतक्या दिवसांत सरळ तोंडानं घेतलंच नव्हतं.

"तुज्याकडं पालिश पेपर हाय काय?"

अंबादासनं खिशातून एक घडी केलेला, वापरून मऊ झालेला तुकडा काढला. दिला. मग ट्रेलरच्या सांगाड्यापाशी बसला आणि डबडं जिथं टेकायचं ती जागा खिशातल्या चाकूनं खरवडायला लागला. दोघं शेजारी शेजारी घासत बसले. मध्ये सावली नव्हती, सगळाच अंधार होता.

रंग निघाला. खाली लोखंड आलं. करडं, साधं.

तुळसगिरनं डबडं जागेवर ठेवलं आणि स्क्रू पिळायला घेतले. शेवटचा घट्ट व्हायच्या आतच लाल काच पेटली. एकदा मिचकावली आणि मग स्थिर झाली. उजेड काही मोठा नव्हता. रस्त्याचा थोडा तुकडा, दगडावर बसलेल्या बुवांचं धोतर आणि गंजानं, रंगानं माखलेले तुळसगिरचे हात, एवढं लाल दिसायला लागलं.

"लागला, बुवा," तो म्हणाला.

बुवांनी मान हलवली. काठी घेऊन उठायला लागले. अंबादास हात द्यायला पुढं झाला, तेव्हा तुळसगिर आपण होऊन बाजूला सरला. पण तो प्रश्न त्याच्या पोटात होता, आणि तिथं तो आणखी एक रात्र ठेवणं त्याला झेपलं नसतं.

"बुवा, एक इचारू?"

"इचार."

"खिडकीचं दिवं त्येला का दिलंसा?"

बुवा थांबले. ट्रेलरच्या बाजूला पितळेचे दोन दिवे झकास जळत होते. त्यांच्याकडं बघत ते म्हणाले, "त्या खिडकीत काय करायचं रं?"

"तिकिटं इकायची."

"आपन इकतो?"

"...न्हाई."

आत पातेल्यावरचं झाकण वाऱ्यानं वाजलं. पलीकडं कोप्यांवर एखाद-दुसरी चूल पेटायला लागली होती. बुवा अंबादासच्या हाताच्या आधारानं वर चढले, दुरडीशेजारी बसले आणि मग वाकून, मागच्या फळीपाशी उभ्या असलेल्या तुळसगिरला म्हणाले,

"ट्रेलरला दिवा एकच असतोय, तुळसगिर. त्यो मी तुलाच दिला व्हता."